पयल्यापासून

"पिक्चरचा ट्रेलर कधी दाखवताय?" आमच्या मुख्याध्यापकांनी जनूदादाला भर स्टाफरूममध्ये विचारलं. जनूदादाने शांतपणे खिडकीबाहेर बोट दाखवलं. "उभा हाय ना सर भायेर. चालीस फुटी."

बाहेर खरोखरच ट्रेलर उभा होता. न्हावा शेवा बंदरातून रिकामा कंटेनर घेऊन जनूदादा यार्डात निघाला होता आणि वाटेत आमच्या शाळेचा प्रोजेक्टर मागायला थांबला होता. एवढं लांबलचक धूड फाटकासमोर लावल्यामुळे दोन रिक्षा, एक टेम्पो आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या चार बायका अडकल्या होत्या. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि बायका तोंड. मुख्याध्यापकांना विनोद कळायला जरा वेळ लागला, तोवर प्रोजेक्टर जनूदादाच्या काखेत गेलेला होता.

मी मूळची नागावची, नारळी-पोफळीच्या वाडीतली. आमच्या घरात बेंजो हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जाई. माझी बदली उरण तालुक्यातल्या या खाडीकाठच्या गावात झाली आणि भाड्याची खोली मिळाली ती नेमकी बेंजो पार्टीच्या भिंतीला भिंत लावून. जनार्दन, म्हणजेच जनूदादा, हा त्या पार्टीचा मालक, कप्तान आणि मुख्य वाजवणारा. दिवसा ट्रेलर चालवायचा, सुटीच्या दिवशी तालीम आणि लग्नसराईत हळदीच्या सुपाऱ्या. त्याच्या आजा-पणजाने या गावात मिठागरं राबवली, त्या मिठागरांवर भराव पडून कंटेनर उभे राहिले आणि हा ते कंटेनर वाहायला लागला. याबद्दल त्याला कधी गळा काढताना मी ऐकलं नाही. रडण्यात त्याचा वेळ जात नसे.

तालमीत कुणी चुकलं तर कोण चुकलं हे तो कधी सांगायचा नाही. हात वर करायचा, सगळे थांबले की म्हणायचा, "चला, पयल्यापासून." बस. ना शिवी, ना लेक्चर. एका गाण्याचा पूर्वार्ध मी भिंतीपलीकडून निदान चाळीस वेळा ऐकला असेन. उत्तरार्ध मला आजही येत नाही. एकदा चिडून मी त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "दादा, जिथे चुकलात तिथून पुढे घेत जा ना!" तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, जिथं चुकलू तिथं चूक नसते. ती आधीच झालेली असते." मी मराठीची शिक्षिका; घरी येऊन ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं.

बोलताना त्याची बोटं समोर येईल त्यावर चालायची. स्टिअरिंग असो, चहाचा पेला असो, माझ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असो. सडपातळ अंग, खिशात बेंजोच्या तारा छेडायला जुनं एटीएम कार्ड कापून केलेली नखी, आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी सुचलंय असा भाव. बायको सुगंधा त्याच्याहून शांत. ती म्हणायची, "त्यांना काय सुचलं की पयला मना घाम फुटतो."

या घरात एक गोष्ट विचित्र होती. सुगंधाची आई हिराबाय चार घरं पलीकडे मुलाकडे राहत. दर रविवारी सकाळी लेकीकडे येत, ओट्यावर बसत, चहा घेत, पण उंबरठा ओलांडत नसत. आणि जावयाला त्या नावाने हाक मारत नसत. "तो वाजवनारा हाय काय घरान?" असं विचारत. तो समोर उभा असला तरी.

याचं कारण मला सुगंधानेच सांगितलं. हिराबाय धवलारीण. इकडच्या लग्नांत भटजीच्या आधीपासून मान असतो तो धवलारणीचा. मांडव घालण्यापासून वधूवर घरात येईपर्यंतच्या एकेका विधीला ती धवला गाते, म्हणजे त्या त्या वेळचं मंगलगीत, आणि त्यात नवरा-नवरीचं, त्यांच्या आई-बापांचं नाव घालून गाते. हिराबायचा आवाज असा की म्हणे खाडीच्या पलीकडच्या मिठागरातली माणसं हातातलं काम थांबवत. सव्वीस वर्षांपूर्वी एका हळदीत त्या गात असताना मांडवाच्या दुसऱ्या टोकाला एका विशीतल्या पोराने बेंजो सुरू केला. लोक उठले आणि नाचायला पळाले. हिराबाय अर्धा धवला टाकून मांडवाबाहेर पडल्या आणि तिथून पुढे बोलावणी कमी कमी होत गेली. तो पोरगा म्हणजे जनूदादा. आणि वर्षभरात त्यांच्याच लेकीने त्याच्याशी रजिस्टर लग्न केलं. आता सांगा, उंबरठा कोण ओलांडेल?

तर असा हा माणूस पिक्चरच्या नादाला लागला कसा? त्यालाही एक हळदच कारण झाली. मित्राच्या मुलीच्या हळदीत त्याची पार्टी रंगात आली होती. तेवढ्यात माणूसभर उंचीचे भोंगे घेऊन डीजे आला आणि माईकवरून आवाज आला, "बेंजोवाले दादा, बास आता." गाणं मध्येच तुटलं. जनूदादाने बेंजो गुंडाळला. घरी आला. दारात चपला काढताना सुगंधाला म्हणाला, "तुझे आयसला कसं वाटलं असंल, ते आज समजलं."

महिनाभराने घरात जुना कॅमेरा आला. त्याने ठरवलं होतं, हिराबायचा अख्खा धवला, पहिल्या विधीपासून शेवटच्या विधीपर्यंत, पिक्चरमध्ये घ्यायचा. गावात पूर्ण धवला येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या आणि मधल्या ओळी त्यांच्याही हातून निसटायला लागल्या होत्या.

कॅमेरा शिकला तो बंदराच्या गेटवर. तिथे ट्रेलरच्या रांगेत तासन्‌तास बसावं लागतं. इतर ड्रायव्हर झोप काढत, पत्ते खेळत. हा मोबाइलवर धडे बघायचा आणि लगेच झोपलेल्या ड्रायव्हरांवर प्रयोग करायचा. त्याचा पहिला पिक्चर त्या रांगेवरच होता. अकरा मिनिटं. त्यात एक ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करतो, चहा पितो आणि ट्रेलर दोन फूट पुढे जातो. शाळेच्या गणपतीत आम्ही तो दाखवला. संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "आता चालू होनार ना?" जनूदादा सगळ्यांत जास्त हसला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन परत रांगेत.

पण हिराबायला कॅमेऱ्यापुढे कसं आणणार? त्याने सुगंधाकरवी विचारलं. उत्तर ठाम आलं. "लगीन नसताना धवला म्हनायचा न्हाय. तो मोकला सुटत नसतो. कोनाला तरी लागतो."

मग खऱ्या लग्नांत प्रयत्न झाले. एका ठिकाणी हॉलवाल्याने दहा मिनिटं दिली. दुसऱ्या ठिकाणी ड्रोनच्या घरघरीत हिराबायचे ओठ तेवढे हललेले दिसले. तिसऱ्या ठिकाणी फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा फ्रेमच्या बाहेर." प्रत्येक वेळी घरी येऊन जनूदादा कॅमेरा पुसायचा आणि आपल्याशीच म्हणायचा, "चला, पयल्यापासून."

आणि मग त्याने ती घोडचूक केली. घाईच नडली. बाजूच्या गावच्या नाटकमंडळातला एक मुलगा आणि एक मुलगी त्याने नवरा-नवरी म्हणून सजवली, आपल्याच अंगणात मांडव घातला आणि हिराबायला निरोप धाडला की तिथल्याच एका गरिबाचं लग्न आहे, जागा नाही म्हणून इथे लावतोय, या. त्या आल्या. अंगणात पाट मांडून बसल्या. धवल्यात घालायला नावं लागतात, म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. नाव काय? बापाचं? आयसचं? आयसचं माहेर? दोघांच्या आयांचं माहेर एकच निघालं. त्या आयांच्या बापाचंही नाव एकच ऐकल्यावर तर हिराबायने हातातला तांदूळ खाली टाकला.

"तुमच्या आयशी सख्ख्या भैनी. तुमी मावसभावंडं!"

"आजी, शूटिंगच हाय ओ," मुलगी घाबरून बोलून गेली.

हिराबाय उठल्या. जनूदादाकडे त्यांनी पाहिलंही नाही, कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "शूटिंग हाय ते याला कलतं. धवल्याला कसा कललं? भावाभैनीचं लगीन लावाला निघालास तू माझे तोंडानं?" आणि निघून गेल्या. त्यानंतर त्यांचं रविवारी ओट्यावर येणंही बंद झालं.

भिंतीपलीकडे महिनाभर तालीम झाली नाही. आधी ज्या आवाजाला मी वैतागले होते त्याच आवाजाची वाट बघू लागले. एकदा मी विचारलं, "दादा, आता?" तो कॅमेऱ्याच्या पिशवीवर बोटं वाजवत होता. "आता पयल्यापासून म्हनाला तोंड न्हाय बाई. दोनदा तोडलाय मी तिचा धवला." मला त्याचं फार वाईट वाटलं. कुणी ओरडलं असतं तर बरं, असं त्याचं झालं होतं.

होळीच्या सुमारास हिराबाय पुन्हा ओट्यावर आल्या. लेकीशिवाय त्यांनाही करमत नसणार. शेजारची एक बाई गप्पांत सुगंधाला म्हणाली, "तुमचे लग्नाला पंचवीस वरसं झाली असतील ना?" झालं! हिराबायने ठेवणीतला टोमणा काढला. "लगीन? यांनी सही केलेली हाय. सह्या तर रेशनचे दुकानान पन करतान. यांचं लगीन लागलंच न्हाय."

हा टोमणा मी स्वतः दहा वेळा ऐकला होता. जनूदादाने शंभर वेळा ऐकला असेल. पण त्या दिवशी नळावर हात धुत असलेला तो तसाच ओल्या हातांनी ओट्यापाशी आला.

"आये, आमचं लगीन लागलं न्हाय, असं तूच सांगतंस ना?"

हिराबायने चहाचा कप खाली ठेवला.

"मंग लाव. यांत खोटं काय न्हाय. नवरा खरा, नवरी खरी. पंचाईत फक्त तूच केलेली हाय, तूच सोडव."

हिराबायने खाडीकडे तोंड फिरवलं. माझ्या मनात आलं, गेलं, आता या कायमच्या गेल्या. मग त्या तोंड न वळवता म्हणाल्या, "हलदीला कोन कोन येनार?"

लग्न दोन दिवसांचं झालं, दिवसाढवळ्या, अंगणात. भोंगा नाही, बेंजोसुद्धा नाही. पन्नाशीला टेकलेला नवरा आणि त्याची केस पिकू लागलेली नवरी बघायला अख्खा पाडा लोटला होता. कॅमेऱ्यामागे कुणीतरी हवं होतं आणि नवरदेवाला तिथे उभं राहता येत नव्हतं. माझी नेमणूक झाली. मी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. त्याने सगळं लावून दिलं आणि बजावलं, "बाई, काय पन होवदे, कॅमेरा आयेवरनं हलवायचा न्हाय."

तरीही दर अर्ध्या तासाने मुंडावळ्या सावरत तो उठून फ्रेम बघायला यायचा. शेवटी हिराबाय कडाडल्या, "नवरदेव, खाली बस!" लोक पोट धरून हसले. मी मात्र कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढली, कारण वाजवणारा म्हणाल्या नव्हत्या त्या. नवरदेव म्हणाल्या होत्या.

आणि मग नावं घालायची वेळ आली. रीत म्हणजे रीत. जनूदादाच्या बापाचं नाव आलं. त्याच्या वारलेल्या आईचं नाव आलं, येसूबाय. मग हिराबाय थांबल्या. ओळ विसरल्या असं सगळ्यांना वाटलं. सुगंधाने मान वर केली. हिराबायने दम घेतला आणि त्या लांब, उघड्या आवाजात नाव गायलं, जनार्दन. एकदा नव्हे, ओळीच्या रीतीप्रमाणे तीनदा. सव्वीस वर्षांत न उच्चारलेलं नाव एका दमात तीनदा.

पाटावर बसलेल्या त्या माणसाने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो हमसून रडला. चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेताना ज्याचा हात हलत नाही, त्याचे खांदे हलत होते. पिक्चरमध्ये हे नाही. मी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा हिराबायवरून हलवला नाही. आजवर कितीजणांनी तो पिक्चर पाहिला, पण ती रडणारी पाठ पाहिली ती आम्ही अंगणातल्यांनीच. शेवटचा धवला म्हणत वधूवरांना घरात न्यायचं काम धवलारणीचंच असतं. त्यामुळे हिराबाय गात गात त्या उंबरठ्याच्या आत गेल्या आणि आत जाऊन पहिल्यांदा म्हणाल्या काय, तर "भुई बरी नाय सारवलीस."

पिक्चरखाली दिसणारे शब्द लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सवयीने 'मोकला'चं 'मोकळा' आणि 'हलद'चं 'हळद' केलं. जनूदादाने कागद बघितला आणि हात जोडले. "बाई, लाल पेन तेवडा आज घरी ठेवा." मी तो खरंच घरी ठेवला, आणि त्यानंतर वर्गातही थोडा कमी काढू लागले.

पिक्चरला कुठे कुठे बोलावणी यायला लागली आणि त्याच्यामागोमाग आणखी एक लचांड आलं. कॉलेजं, बचत गट, ड्रायव्हरांचे मेळावे, सगळ्यांना जनूदादाचा प्रेरणादायी कार्यक्रम हवा झाला. 'ट्रेलर ड्रायव्हर ते दिग्दर्शक' असे फलक लागले. तो म्हणायचा, "ते मधलं 'ते' काढा. मी अजून ड्रायव्हरच हाय."

तळा तालुक्यातल्या एका शाळेत त्याचा असा कार्यक्रम होता. सुटी होती म्हणून मीही गेले. मला वाटलं होतं, कॅमेरा, जिद्द, स्वप्न वगैरे सांगेल. तो स्टेजवर गेला आणि एक शब्द न बोलता त्याने बेंजो सुरू केला, असला झणझणीत की दोन मिनिटांत अख्खा हॉल उभा राहून नाचत होता, शिक्षकसुद्धा. ऐन रंगात त्याने हात उचलला. हॉल गप्प.

"आता मी वाजवत होतू तवा या कोपऱ्यान माझी बायको गात होती," तो म्हणाला. सुगंधा खरंच तिथे उभी होती. "कोनाला ऐकायला आली? न्हाय ना. मना पन हिची आयस सव्वीस वरसं न्हाय आली ऐकायला."

मग त्याने पिक्चर दाखवला. नंतर एका शिक्षकाने उभं राहून यशाचा मंत्र विचारला. जनूदादा बावचळला. "यशाचं मना नाय म्हाईत सर. चूक झाली की कुठवर मागं जायाचं, तेवडं म्हाईत हाय. आनि मागं जायाला लाज वाटते, तेवडा वेल दात दाबून काढायचा."

टाळ्या संपल्या तशा पाण्याचे पेले फिरवणाऱ्या शाळेतल्या मावशी पुढे आल्या. त्यांना आपल्या आईचं गौरीचं गाणं म्हणायचं होतं. दोन ओळींवर अडकल्या, पदर तोंडाला लावून मागे फिरल्या. जनूदादा स्टेजवरून उडी मारून खाली आला. "मावशी, पयल्यापासून." पाच वेळा त्यांनी सुरुवात केली. पाचही वेळा तो खाली बसून तितक्याच मन लावून ऐकत होता. सहाव्या वेळी गाणं पूर्ण झालं. मी त्याच्यासारखी सहनशील असते तर चांगली शिक्षिका झाले असते.

पुढे माझी बदली अलिबागकडे झाली. गेल्या मे महिन्यात जनूदादाच्या पुतणीच्या लग्नाला गेले होते. हळदीची दुपार. हिराबाय आता खूप थकल्या आहेत, मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेल्या होत्या. माणसं धड ओळखू येत नाहीत. मला त्यांनी चार वेळा विचारलं, "तू कोनाची?" धवला म्हणत होती सुगंधा, आईकडून शिकून घेतलेला. आईइतका आवाज नाही तिचा, पण पक्का बसलेला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला डीजेवाले भोंगे रचून तयार होते आणि हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

मधल्या एका ओळीवर सुगंधा अडखळली. तेवढी संधी साधून भोंग्यातून पहिला ठोका आला. धाड! पोरं टाळ्या वाजवत उठली. हेच, असंच झालं असेल हिराबायच्या त्या हळदीत.

खुर्चीवरच्या हिराबायचे डोळे उघडले. कुठलं वर्ष, कुणाचं लग्न, त्यांना काही माहीत नव्हतं बहुतेक. पण आवाज तोच, कडाडला. "जनार्दन! तो वाजवनारा थांबव!"

मी वळून पाहिलं. जनूदादा आधीच तिथे पोचला होता. भोंग्यांकडे तोंड आणि मांडवाकडे पाठ करून तो उभा होता, हात वर. ठोका थांबला. मागे न बघता तो मोठ्याने म्हणाला, "सुगंधा, पयल्यापासून."

तिने सुरू केलं. धवला लांब होता, ऊन तापलं होतं. संपेपर्यंत मी अधूनमधून तिकडे बघत होते. त्याने हात खाली घेतला नव्हता.